कापडाचं शेपूट आणि तुमची वरची खोली

माननीय व्याहीसाहेब, विहीणबाई आणि तुमचं शिलाई मशीन, तिघांनाही माझा नमस्कार. (मशीनला मुद्दाम केला आहे. तो रागाचा नमस्कार आहे, कारण पुढे कळेल.)

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, ठीक काहीही नाही. तुमची मान कशी आहे? वाकून वाकून कापड बेतणं आता कमी करा, टेबल उंच करून घ्या, हे मी मागच्या पत्रातही लिहिलं होतं, पण माझं ऐकतो कोण. विहीणबाईंना जिना चढताना धाप लागते असं सूनबाई सांगत होती. त्यांना जिना चढू देऊ नका. (जिन्याचा विषय पुन्हा येणार आहे, लक्षात असू द्या.) माझं म्हणाल तर जेवण जात नाही (आमची मंडळी म्हणते की जातं, पण तिला माझं पोट बाहेरून दिसतं, आतून कुठे दिसतं), आणि डाव्या कानात शिट्टी वाजते. उजवा कान हातोडीनं केव्हाच घेतला, डावा तेवढा शिल्लक होता, त्यात आता ही शिट्टी. शेडमध्ये बसलो की हमखास वाजते. डॉक्टर म्हणाले, आजोबा, वय झालं, चिडू नका. या डॉक्टरांना माझ्या शेडमध्ये अर्धा तास उभं करावं आणि मग विचारावं, आता सांगा साहेब, चिडू की नको.

तुमचं पत्र पोचलं. पत्र सूनबाईच्या नावानं होतं, पण तिनं ते चहाच्या वेळी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, म्हणजे माझ्याही नावानं झालं. तुम्ही लिहिलं आहे, 'दुकानाची वरची खोली रिकामीच पडून आहे, उजेड चांगला आहे, जावयांना घेऊन इकडे ये आणि तुझं कार्बन फायबरचं काम इथे थाट.' ऐकून मी चहात दुसऱ्यांदा साखर घातली. (आणि तो तसाच प्यायलोही.) नंतर मी दोन दिवस विचार केला आणि या निर्णयावर आलो आहे की न्या. खुशाल न्या. माझी काडीची हरकत नाही. उलट मी सुटेन. हरकत का नाही ते सविस्तर कळवावं म्हणून हे पत्र. मी पाचवीतून शाळा सोडलेला माणूस, तुम्ही सातवी शिकलेले, तेव्हा शुद्धलेखन मनातल्या मनात दुरुस्त करून वाचावं.

तुम्हाला माहीत आहेच, मी बेचाळीस वर्षं पत्रा ठोकला. मोटरसायकलची टाकी म्हणू नका, मडगार्ड म्हणू नका, साईडचे डबे म्हणू नका. चेपलेली, फाटलेली, चुरगाळलेली वस्तू माझ्याकडे यायची, आणि नेताना मालक गाडीभोवती दोन फेऱ्या मारून विचारायचा, "मास्तर, चेपलं होतं कुठे?" हा प्रश्न हीच माझी पदवी. ठोकून सपाट करायचं काम कुणीही करतो. माझी खासियत जोडाची होती. दोन पत्रे जोडले, वर पुट्टी भरली, घासायचा पेपर मारला, की जोड डोळ्याला सोडाच, बोटालाही लागायचा नाही. उघडा जोड दिसला की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं, कुणाच्या शर्टाचं बटण उघडं दिसल्यावर तुम्हाला होत असेल तसं.

गुडघे गेल्यावर शेड चिरंजीवांच्या आणि सूनबाईच्या ताब्यात दिली. चिरंजीव पंप लावणार, बोल्ट आवळणार, भट्टी सांभाळणार, आणि मुख्य कारागीर तुमची कन्या. ती म्हणाली, "बाबा, आता मोटरसायकलचे भाग कार्बन फायबरचे करणार." मला आनंद झाला. वाटलं, पोलादाहून जबर असा काही धातू निघाला असेल, त्याला हातोडी कुठली लागते ते तरी बघू. पार्सल फोडलं तर आत काय? कापड! काळं कुळकुळीत कापड, चक्क ताग्याला गुंडाळलेलं! आणि ते कापायला तिनं पेटीतून काय काढलं असेल, तर तुम्ही तिला लग्नात दिलेली ती मोठी कात्री. सासरी जाणाऱ्या मुलीला कुणी भांडी देतं, कुणी घड्याळ देतं. तुम्ही कात्री दिलीत, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तेव्हा या सगळ्याला जबाबदार तुम्ही आहात, हे आधी मान्य करा. कारण हे काम म्हणजे शिंपीकाम आहे. आधी कागदावर बेत काढायचा. मग कापड बेतायचं, एक थर उभा, एक आडवा, एक उरेब म्हणजे तिरका. उरेब का, तर वळणावर नीट बसतं म्हणून. हे तिला कुणी शिकवलं? मी नाही शिकवलं. पत्रा उरेब कापत नाहीत. मग ते तुकडे साच्यात एकेक करून बसवायचे, राळ (म्हणजे चिकट रसायन, तापलं की दगड होतं) लावायची, वर प्लास्टिकची पिशवी चढवायची, पंपानं पिशवीतली सगळी हवा ओढून घ्यायची म्हणजे कापड साच्याला घट्ट चिकटतं, आणि तसंच्या तसं भट्टीत ढकलायचं. थोडक्यात, बेतायचं, चिकटवायचं, पिशवीत कोंबायचं आणि भाजायचं. आणि यातून जे निघेल ते ताशी दोनशेच्या वेगानं पळणाऱ्या गाडीला लावायचं! आमच्या मंडळींना मी हे समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "मग बरंच आहे की, ठोकाठोकी नाही." बेचाळीस वर्षं तिनं ती ठोकाठोकी ऐकली आणि कधी बोलली नाही. हे आता कळतंय मला.

बरं, या कापडाचे लाड किती सांगू? त्यातलं एक कापड राळेत भिजवूनच येतं, ते उबेत राहिलं तर बिघडतं, म्हणून त्याला स्वतंत्र फ्रीज. घरातला फ्रीज दार नीट लागत नाही म्हणून दोरीनं बांधलेला, आणि कापडाला नवाकोरा! त्यावर चिठ्ठी, 'विनाकारण उघडू नये.' विनाकारण म्हणजे कोण, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझी ऐरण, जिच्यावर मी उमेदीची वर्षं काढली, ती आता पिशवीच्या कडेवर वजन म्हणून ठेवतात. आणि माझी हातोडी भिंतीवर खिळ्याला टांगली आहे. मी विचारलं, हे काय? तर सूनबाई कौतुकानं म्हणते, "आठवण म्हणून, बाबा." माणूस खुर्चीत जिवंत बसलेला असताना त्याच्या हातोडीची आठवण! मी त्या दिवशी जेवलो नाही. (संध्याकाळी जेवलो.)

एकदा मी केलेलं जुनं मडगार्ड आणि तिनं केलेलं नवं मडगार्ड तिनं वजनकाट्यावर शेजारी शेजारी ठेवलं. माझ्या मडगार्डानं काटा भरारा पळाला. तिच्या मडगार्डानं काट्याला नुसती गुदगुली झाली. समोर गिऱ्हाईक उभं होतं. (त्याला आम्ही हेल्मेटवाला म्हणतो. शर्यतीत गाडी पळवतो आणि हेल्मेट काखेत घेऊनच हिंडतो, घरी जेवतानाही काखेत असावं.) मी म्हणालो, अहो, वजन म्हणजे वस्तूची अब्रू असते. हेल्मेटवाला म्हणाला, "काका, मला अब्रू नको, वेग पाहिजे." आणि दोघंही हसले. मी हसलो नाही.

आणि शेडमध्ये माझं स्थान काय? दाराजवळची खुर्ची. कापड कापताना काळी धूळ उडते म्हणून तोंडाला मास्क, राळ लागू नये म्हणून हातात मोजे, आणि एवढं चढवून झाल्यावर वर सूचना, "बाबा, हात लावू नका." मग मोजे कशाला दिलेत? एका दिवसात मी ते वाक्य मोजलं, अकरा वेळा झालं. त्यातली दोन वेळा मी नुसता आळस दिला होता.

आता मुख्य हकीकत. हेल्मेटवाल्यानं एक शेपूट करायला सांगितलं. शेपूट म्हणजे मोटरसायकलच्या सीटमागचा निमुळता भाग. साधं नाही, त्याला खालून दोन नाकपुड्या, हवा जायला, आणि दोन्ही कडा आत वळलेल्या. हा आकार एका अखंड साच्यात करता येत नाही. का येत नाही ते मलाही आधी कळलं नव्हतं. मंगळवारी बोल्ट काढताना सूनबाईनं समजावलं, "बाबा, बरणीत हात घालून मूठ मिटली तर हात बाहेर येईल का? तसं आत वळलेलं शेपूट अखंड साच्यातून निघणार नाही." म्हणून साचा तीन तुकड्यांचा. मधला पाट आणि दोन बाजूंना दोन गाल. बोल्टनं आवळायचे, आत कापड लावायचं, भाजायचं, मग बोल्ट काढून दोन्ही गाल बाजूला केले की शेपूट मोकळं. हा साचा करायला तिला सहा आठवडे लागले. सहा आठवडे तिनं पेपर मारला, मेण चोळलं, पुन्हा पेपर मारला. खरं सांगतो, पेपर मारायचा हात चांगला आहे तिचा. (हे तिला कळवू नये.) कापडाच्या विणीची रेघ बरोबर मधोमध जुळली पाहिजे म्हणून तिनं कागदाचे बेत नऊ वेळा बदलले. नऊ! तुम्ही एवढे बेत कुणाच्या कोटाला काढलेत का?

सोमवारी कापड लागलं, पिशवी लागली, भट्टी झाली. मंगळवारी सकाळी बोल्ट काढले. उजवा गाल सुटला. डावा गाल हलेना. चिरंजीवांनी लाकडी पाचर घातली, हलेना. सूनबाईनं फटीत हवा मारली, हलेना. आणि डावा सुटत नाही तोवर उजवाही पुरता ओढायचा नाही, नाहीतर शेपूट पिळवटून तडकतं. दुपारपर्यंत दोघं झटत होती. मी खुर्चीत होतो. कुणाची चूक झाली असेल यावर मी माझ्या परीनं बोलत होतो, हवेत ओल असेल, मेणाचा डबा जुना असेल, चिरंजीवांनी बोल्ट जास्त आवळले असतील (लहानपणापासून त्याचा हात जड आहे, वहीचं पान उलटतानाही फाडायचा). पण सूनबाई स्टुलावर बसली आणि म्हणाली, "चूक माझीच आहे. डाव्या बाजूला मेण लावायचं राहिलं असणार. राळ जोडात उतरली आणि धरून बसली. माझंच लक्ष नव्हतं." सहा थर मेण लावलं होतं तिनं, मी मोजले होते. तरी तीच म्हणते, माझंच लक्ष नव्हतं. पंप बंद होता, तरी माझ्या कानात गरगरत होतं.

मग ती चिरंजीवांना जे म्हणाली ते मी माझ्या चालू कानानं ऐकलं. "शनिवारी डावा गाल कापून काढते. साचा गेलाच. आत शेपूट शाबूत निघालं तर इथेच नवा साचा करू. नाही निघालं, तर आप्पांच्या (म्हणजे तुमच्या) वरच्या खोलीत जाऊ आणि पहिल्यापासून सुरुवात करू. इथे माझं लक्ष लागत नाही." लक्ष का लागत नाही, हे तिनं सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. पण न बघण्यातही एक बघणं असतं, ते मला कळतं.

तर व्याहीसाहेब, असं आहे. मुलगी तुमची, कात्री तुमची, खोली तुमची, न्या. तुमच्याकडे सगळे शिंपीच आहेत, तिची कदर होईल. शेड माझी मला परत मिळेल. ऐरण मधोमध येईल, हातोडी खिळ्यावरून खाली उतरेल, दार लागत नसलेला फ्रीज जाऊन कापडाचा फ्रीज घरात येईल. मी निवांत बसेन. माझ्याकडून तुम्हाला पूर्ण परवानगी आहे.

विहीणबाईंना जिन्याचं सांगावं. लहानथोरांस यथायोग्य.

तुमचा व्याही,
पत्र्यावाला (निवृत्त, पण आठवण म्हणून टांगण्याइतका नव्हे)

ता. क. वर परवानगी दिली आहे ती लेखी आहे म्हणून पक्की समजू नये. आमची मंडळी हे पत्र वाचून म्हणाली, "शेड रिकामी झाली की काय ठोकणार आहात?" प्रश्न चुकीचा नाही. गेल्या दोन वर्षांत चेपलेली टाकी घेऊन एक माणूस आला, आणि तोही पत्ता चुकून आला होता. तेव्हा वरच्या खोलीबद्दल तुम्ही जरा सबुरीनं घ्यावं. विहीणबाईंना जिना झेपत नाही, आणि मुलगी वरच्या खोलीत राहिली तर त्या दिवसातून दहा वेळा वर जाणार, हे मी वैद्यकीय कारणासाठी सांगतो आहे. दुसरं काही कारण नाही.

ता. क. दुसरा. आणखी एक बारीकसा तपशील वर लिहायचा राहिला. सोमवारी सकाळी, कापड लावायच्या आधी, साचा बोल्ट आवळून, मेण चोळून तयार होता आणि दोघं पंपाची नळी आणायला बाजारात गेली होती. साच्याशेजारी मी एकटा. मी हात लावणार नव्हतो. नुसता बघत होतो. तर आतल्या अंगाला, मधला पाट आणि डावा गाल यांच्यामध्ये, केसाएवढी फट. उघडी! सरळ वरपासून खालपर्यंत! व्याहीसाहेब, एवढ्या मेहनतीचं काम, आणि जोड असा उघडा टाकलेला. मला वाटलं, पोरीच्या नजरेतून सुटलं. गिऱ्हाईकासमोर नाक कापलं जाईल. तुमच्या मुलीचं नाक म्हणजे आमचंच नाक. म्हणून मी काय केलं, त्या रेघेवरचं मेण थिनरनं पुसलं (मेणावर पुट्टी धरत नाही), पुट्टी कालवली, साचा काळा म्हणून तिच्याच फळीवरचा काळा रंग त्यात चिमूटभर घातला, पातळ पात्यानं आणि बोटानं फटीत खोलवर दाबून भरली, सुकल्यावर बारीक पेपर मारला, आणि दिसायला फरक नको म्हणून वरून मेणाचा एक हात फिरवला. उजवीकडची फट राहून गेली, कारण तेवढ्यात ते परत आले. सूनबाईनं साच्यात बोट फिरवलं आणि म्हणाली, "अगंबाई, डावा जोड या वेळी किती छान बसलाय!" बेचाळीस वर्षांत माझ्या कामाची याहून मोठी तारीफ झाली नाही, आणि ती मला घेता आली नाही. मेण घासून माझा हात दुखत होता, हेही सांगता आलं नाही. मंगळवारी गाल हलेना तेव्हा मला कळलं की ती फट म्हणजे चूक नव्हती, दार होतं. आणि मी दार लिंपून टाकलं.

ता. क. तिसरा. आता विनंती. हे पत्र तुम्हाला शुक्रवारी मिळेल. मिळाल्याबरोबर सूनबाईला फोन करा आणि सहज बोलता बोलता, तुमच्या मनात आल्यासारखं सांगा की, 'कापू नकोस गं, ती राळ नसेल, कुणीतरी पुट्टी भरली असेल. पुट्टी गरम हवेनं सैल पडते आणि पातळ पात्याला वाट देते.' तुम्हाला पुट्टीचं कसं कळलं असं तिनं विचारलं तर स्वप्न पडलं म्हणा. मी स्वतः का सांगत नाही? मंगळवारी दिवसभर सांगणारच होतो. पाच वेळा तोंड उघडलं. दरवेळी ती म्हणाली, "बाबा, आत्ता नको, प्लीज." पाचव्या वेळेनंतर मग मी तिच्या म्हणण्याला मान दिला. तुम्ही म्हणाल, हा भित्रेपणा आहे. आहे. पण ज्या सुनेनं माझी हातोडी भिंतीवर लावली तिला हे सांगू की त्या हातोडीवाल्यानं तुझे सहा आठवडे पुट्टीत घातले?

ता. क. चौथा. आज गुरुवार. वरचं सगळं बाद समजावं. पत्र खिशात घालून टपालात टाकायला निघालो होतो. शेडच्या दारापाशी गेलो तर कटर सुरू! हेल्मेटवाल्याचा फोन आला होता म्हणे, त्याला शर्यतीसाठी शुक्रवारीच निघायचं आहे, म्हणून सूनबाई आजच साचा कापायला बसली होती. पातं डाव्या गालापासून चार बोटांवर. मी ओरडलो. दारातच सवयीनं मास्क चढवला होता, म्हणून नुसता हुंकार निघाला. मग मी पंपाची वायर पायात अडकवत आत गेलो आणि माझा हात, मोजा न घालता, साच्याच्या जोडावर ठेवला. तिनं कटर बंद केला आणि म्हणाली, "बाबा! बोट गेलं असतं!" मी म्हणालो, "जाऊ दे. त्याच बोटानं भरलीय." "काय भरलंय?" "पुट्टी." चिरंजीवांनी भिंतीकडे तोंड केलं, खांदे हलत होते त्याचे, हसत होता की रडत होता देव जाणे. सूनबाई एवढंच म्हणाली, "मग मेण?" "तेही पुसलं." "आणि रंग?" "तुझाच." मग तिनं स्टूल ओढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "बसा. आता काढा तुम्हीच."

काढलं. गरम हवा मारत, पातळ पात्यानं, वरून खाली, बोटभर बोटभर. पुट्टी माझी असल्यानं मला माहीत होतं ती कुठे जाड आहे आणि कुठे पातळ. दीड तास लागला. तिनं मध्ये एकदाही 'हात लावू नका' म्हटलं नाही. शेवटी डावा गाल टक् करून सुटला आणि शेपूट हातात आलं. साचा शाबूत. शेपटाच्या आतल्या अंगाला एक ओरखडा आहे, सीटखाली झाकला जातो, पण संध्याकाळी न्यायला आलेल्या हेल्मेटवाल्याला मी तो दाखवून दिला. तो म्हणाला, "काका, तिथे कोण बघतंय." मी म्हणालो, मी बघतोय. (शेपूट हातात धरल्यावर हात रिकामाच आहे असं वाटतं. विणीची रेघ मधोमध जुळली आहे. हे तिला कळवलं तरी चालेल.)

ता. क. पाचवा. आज सोमवार, पत्र अजून घरातच आहे. पाकिटावर पत्ता सूनबाईनंच लिहिला आहे, कारण मागचं माझ्या अक्षरातलं पाकीट फिरून माझ्याच दारी आलं होतं. पाकीट बंद करायच्या आधी तिनं पत्र वाचलं. सगळं. मग लाल पेन्सिल आणली आणि साच्याच्या प्रत्येक जोडावर ठळक रेघ ओढली. "बाबा, लाल रेघ दिसली की ते दार. बुजवायचं नाही." ठीक आहे, मान्य. पण मग तिनं कापडाच्या फ्रीजच्या दारावर रेघ ओढली, घरातल्या फ्रीजच्या दारावर ओढली, आणि माझ्या कपाटावरसुद्धा ओढली! माझं स्वतःचं कपाट मी कशाला लिंपीन? हा सरळ सरळ अपमान आहे आणि तुम्ही तिला याबद्दल चार शब्द लिहावेत, अशी माझी अपेक्षा आहे.

आणि कानातल्या शिट्टीचं. शुक्रवारी दुपारी दुसऱ्या शेपटाचं कापड लागलं, पंप सुरू झाला, तशी शिट्टीही सुरू झाली. मी कुरकुरलो, ही वाजायला लागली बघा. सूनबाईनं मान वर केली. "कुठल्या बाजूला, बाबा?" मी म्हणालो, डाव्या. "तसं नाही. तोंड फिरवा बघू." मी फिरलो, शिट्टी बारीक झाली. तिनं मला हाताला धरून टेबलाभोवती फिरवलं, आणि पिशवीच्या एका कोपऱ्यात, जिथे कडेची चिकटपट्टी दुमडली होती, तिथे शिट्टी सगळ्यात मोठी झाली आणि मी थांबलो. हवा आत शिरत होती. तिला ऐकू येत नव्हतं, चिरंजीवांना येत नव्हतं. कित्येक दिवस पिशवीत हवा का राहते म्हणून ती पट्ट्या बदलत होती, आणि मी डॉक्टरांकडे कान दाखवत होतो! तिनं ती पट्टी दाबली, शिट्टी बंद. आता पंप सुरू झाला की ती आधी माझी खुर्ची दारापासून उचलून टेबलापाशी आणते. मोठा वैताग आहे, क्षणभर डोळा लागू देत नाही.

तेव्हा व्याहीसाहेब, एकच करा. ती वरची खोली तागे रचून भरा, जुनी मशीन वर चढवा, नाहीतर कुणाला राहायला द्या, पण रिकामी ठेवू नका. उद्याच भरली तर बरं. आणि भरल्यावर तिच्या दारावर कशाचीही रेघ ओढू नका, मी येऊन स्वतः पुट्टी भरून देईन.